जुनी विमानं: उडती ठेवावीत की संग्रहालयात जपावीत?

गगनवेडा
नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतोय. एखादं ऐतिहासिक विमान अजून उडू शकत असेल, तर ते उडवत राहावं की आता पुरे म्हणून दोरीच्या पलीकडे उभं करावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो: उडवावं. विमानाचा निम्मा इतिहास त्याच्या आवाजात, वासात आणि थरथरीत असतो. तो पाटी वाचून कळत नाही. इंग्लंडला भावाकडे गेलो होतो तेव्हा डक्सफर्डला 'ड्रॅगन रॅपिड'मधून चक्कर मारली. डी हॅविलँडचं हे दुहेरी पंखांचं विमान १९३४ साली पहिल्यांदा उडालं. लाकडी बांधणी, वरून कापड, दोन जिप्सी सिक्स इंजिनं. विमान शेपटीकडच्या चाकावर टेकलेलं असतं, त्यामुळे दारातून आत शिरलं की खुर्चीपर्यंत चढ चढून जावं लागतं. वैमानिक अगदी नाकाच्या टोकाशी एकटाच बसतो, शेजारी दुसऱ्याला जागाच नाही. आपण मागे, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची, प्रत्येकाला स्वतःची खिडकी. खिडकीतून खालच्या-वरच्या पंखांना बांधणाऱ्या तारा दिसतात, आणि इंजिनाचा वेग बदलला की त्यांची थरथरही बदलते. १९३०च्या दशकातल्या प्रवाशाला विमानप्रवास म्हणजे काय वाटत असेल, ते त्या वीसेक मिनिटांत जेवढं कळलं तेवढं आजवरच्या वाचनातून कळलं नव्हतं.

तुम्ही कोणतं जुनं विमान जवळून पाहिलंत, कशात बसलात? उडवावं की जपावं, तुमचं मत काय? आपल्याकडे हौसेनं उडणारे कोणी असतील तर त्यांनी जरूर लिहा.

भटकभैरव
मस्त धागा. वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दाबोळीकर
आमच्याकडे बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. गोव्यात येणारे बहुतेक लोक दाबोळीला उतरतात आणि थेट किनारा गाठतात. वाटेतल्या या खजिन्याकडे लक्षच जात नाही.

अंगणात लॉकहीडची सुपर कॉन्स्टेलेशन उभी आहे. नाकापासून शेपटीपर्यंत त्या अंगाला एक सरळ रेष सापडायची नाही. मागे तीन उभे शेपूटपंख, पुढे उंच सडपातळ पाय. ही मूळची एअर इंडियाची 'रानी ऑफ एलोरा'. जेट विमानं आल्यावर ती हवाई दलाकडे गेली, तिथून १९७६ साली नौदलाकडे, समुद्रावरच्या टेहळणीला. तिथेच शॉर्ट सीलँडही आहे, जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारं. १९५३ साली नौदलाची वैमानिकी शाखा उभी राहिली ती या विमानांपासून. दहा घेतली होती, आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. सी हॉक, अलीझे, सी हॅरियर ही विक्रांत-विराटवरची मंडळीही आहेतच.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर वेगळं आहे, गगनवेडा. उडवणं राहू द्या, आधी डोक्यावर छप्पर द्या. इथे वर्षभर खारा वारा आणि चार महिने धो धो पाऊस. ॲल्युमिनियमला गंज लागतो तो लाल नसतो, रिव्हेटच्या कडेनं पांढरी भुकटी येते. रंगाचा नवा हात दिला की ती झाकली जाते, थांबत नाही. कॉन्स्टेलेशनसाठी मोठा हँगर बांधला गेला तर मी पहिला पेढे वाटीन.

मीनल_शिकागो
गगनवेडा, तुम्ही ऑशकॉशला याच! विस्कॉन्सिनमध्ये दर जुलैच्या अखेरीस एअरव्हेंचर हा विमानवेड्यांचा मेळा भरतो. आठवडाभरात दहा हजारांच्या घरात विमानं येतात, आणि लोक आपापल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. मी आणि नवरा क्लबचं सेसना १७२ घेऊन जातो. तिथे पोचणं हाच एक सोहळा असतो. रिपन गावापासून फिस्कपर्यंत रेल्वेच्या रुळांवरून एकामागोमाग एक उडायचं, वेग ठरलेला, उंची ठरलेली. रेडिओवर आपण चकार शब्द काढायचा नाही. खाली टेकाडावर दुर्बिणी घेऊन बसलेले नियंत्रक विमानाचा रंग आणि पंखाची जागा पाहून हाक देतात, 'पांढरं, वरच्या पंखाचं, पंख हलवा'. आपण पंख हलवून ओ द्यायची. मग धावपट्टीवरच्या कुठल्या रंगाच्या ठिपक्यावर टेकायचं ते सांगतात. पहिल्या वेळी माझे तळहात ओलेचिंब झाले होते.

तिथे १९२९ सालच्या फोर्ड ट्रायमोटरमध्ये बसले. पन्हळी पत्र्याचं अंग, तीन इंजिनं. गंमत म्हणजे बाजूच्या दोन इंजिनांचे तबकडी-काटे कॉकपिटमध्ये नाहीतच. ते बाहेर, इंजिनाला धरणाऱ्या दांड्यांवर बसवलेत. तेलाचा दाब बघायचा तर वैमानिकानं मान वळवून खिडकीबाहेर बघायचं! शेपटीकडे जाणाऱ्या केबलीही अंगाच्या बाहेरून जातात. वैमानिक काय करतोय ते खिडकीतून प्रत्यक्ष हलताना दिसतं. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. सुकाणू आणि शेपटीचं नातं तिला तिथे एका नजरेत समजलं.

माझं मत गगनवेडांच्या बाजूनं.

सावधान
आवाज, वास, थरथर सगळं मान्य. पण दुसरी बाजूही मांडायला हवी.

४ ऑगस्ट २०१८ला स्वित्झर्लंडमध्ये १९३९ सालचं युंकर्स ५२ प्रवाशांना घेऊन आल्प्सच्या सहलीवरून परतताना कोसळलं. वीसच्या वीस जण गेले. डोंगरांच्या मधून धोकादायक पद्धतीनं विमान नेलं हे तपासात निघालंच. शिवाय सांगाड्यात गंज आणि देखभालीतल्या उणिवाही सापडल्या. २ ऑक्टोबर २०१९ला अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये 'नाइन-ओ-नाइन' नावाचं बी-१७ बॉम्बर पडलं, सात मृत्यू. तेही हौशी प्रवाशांना फिरवणारंच विमान. नोव्हेंबर २०२२ला डॅलसच्या प्रदर्शनात बी-१७ आणि पी-६३ किंगकोब्रा हे लढाऊ विमान हवेत धडकली, सहा मृत्यू.

माणसं गेली हे तर भरून न येणारं. पण ज्या इतिहासासाठी हा अट्टहास, तोही गेला. उडती किंगकोब्रा जगात मोजकी होती, त्यातलं एक एका क्षणात संपलं. संग्रहालयात उभं असतं तर आपल्या पणतवंडांनीही पाहिलं असतं. विमानाचं तिकीट काढणाऱ्याला ऐंशी वर्षांच्या धातूत काय चाललंय हे कळायला काही मार्ग नसतो. मीनलताई, मुलीला घेऊन बसलात, मला वाचतानाच धस्स झालं.

मीनल_शिकागो
@सावधान, काळजी पोचली. मी स्वतः उडवते, त्यामुळे बसण्याआधी देखभाल कोण करतं, वैमानिकाचे त्या विमानावरचे तास किती, हे विचारून घेतलं होतं. प्रत्येक प्रवासी विचारत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे.

फिटरकाका
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, सुरुवातीची बरीच वर्षं डकोटा या दोन इंजिनांच्या वाहतूक विमानावर गेली. म्हणून थोडं विस्तारानं लिहितो, सांभाळून घ्या.

डकोटाचं इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प. चौदा सिलिंडर, दोन ओळींत वर्तुळाकार मांडलेले. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपत झिरपत खालच्या सिलिंडरांत साचतं. सकाळी येऊन तसाच स्टार्टर मारलात तर पिस्टन वर येतो आणि समोर हवेऐवजी तेल. हवा दबते, तेल दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्रॉपेलर हातानं फिरवायचा. दोघंतिघं मिळून एकेक पातं खाली ओढायचं, दुसऱ्यानं पुढचं धरायचं. फिरवताना हाताला कुठे घट्ट लागलं तर जोर अजिबात लावायचा नाही. खालचे प्लग काढायचे, तेल वाहू द्यायचं, मग पुढे. ते 'घट्ट लागणं' म्हणजे नक्की किती, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळत नाही. आमच्या वॉरंट ऑफिसर साहेबांनी माझा हात पात्यावर ठेवून, वर आपला हात ठेवून शिकवलं. मी पुढे किती पोरांना तसंच शिकवलं.

आता सावधान यांचा मुद्दा. विमान संग्रहालयात ठेवलं की विमान राहतं, पण ते चालवणारे, उघडणारे, दुरुस्त करणारे हात राहत नाहीत. एक पिढी गेली की कोणाला विचारणार? निव्वळ उभं राहिलेलं इंजिन आतून कसं खराब होतं ते मी पाहिलंय. सील वाळतात, सिलिंडरच्या आत गंज धरतो.

आणि डकोटा हे साधंसुधं विमान नव्हे हो. २७ ऑक्टोबर १९४७ला १ सिखचे जवान श्रीनगरला उतरले ते डकोटातून. १९४८च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला विमान उतरवलं, सोबत जनरल थिमय्या. अकरा हजार फुटांवरची कच्ची पट्टी, वाटेत त्याहून कितीतरी उंच डोंगर, केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही. ११ डिसेंबर १९७१ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाईलला २ पॅरा ही छत्रीधारी पलटण उतरली, तेव्हाच्या ताफ्यातही डकोटा होत्या. ही २ पॅरा म्हणजे मूळची मराठा पलटण, हे आपल्या पोरांना सांगा.

२०१८ साली एक डकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन, स्वतःच्या पंखांवर उडत भारतात आली. राजीव चंद्रशेखर यांनी ती हवाई दलाला भेट दिली. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक. तिला १९४७च्या श्रीनगर मोहिमेतल्या विमानाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक दिलाय, नाव 'परशुराम'. टीव्हीवर तिचा आवाज आला आणि मी उठून उभा राहिलो.

भटकभैरव
काका, दंडवत घ्या. एक शंका. डकोटाखाली कायम तेलाचा ट्रे ठेवावा लागायचा हे खरं का?

फिटरकाका
खरं आहे बाळा. ट्रे कोरडा दिसला की आम्ही घाबरायचो. तेल गळत नसेल तर टाकीतलं संपलंय असं समजायचं.

वैनतेय
एवढे प्रतिसाद झाले, पण शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. १८९५ला चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी मराठी माणसानं विमान उडवलं. ऐतिहासिक विमान म्हणाल तर सुरुवात तिथूनच हवी.

अपर्णा_ह
@वैनतेय, तळपदे हे जिज्ञासू गृहस्थ होते आणि त्यांनी प्रयोग केले, याबद्दल आदर आहेच. पण त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. 'वैमानिक शास्त्र' या पोथीचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. पोथी १९०४च्या आधीची नाही आणि तिच्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. लेख मिळवून वाचा, गणितासकट आहे.

आणि आपल्या मातीतलाच विमानकर्ता हवा असेल तर डॉ. विष्णू माधव घाटगे आहेत ना! कोल्हापूरकडचे. गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणारे. पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर कसा वागतो हे त्यांनी जगाला दाखवलं. त्यांचा हा मराठी विद्यार्थी परत आला, बंगळुरूला शिकवलं, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. ऑगस्ट १९५१मध्ये ते उडालं. स्वातंत्र्याला चार वर्षं होत होती फक्त! हवाई दलाच्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या पुढे तीस वर्षांहून जास्त काळ त्याच्यावर पहिले धडे गिरवत होत्या. घानाच्या हवाई दलानंही ते घेतलं. नंतर १९५८ला 'पुष्पक' आलं, दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, वर पंख, ९० अश्वशक्तीचं इंजिन. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत शिकलेल्या एका अख्ख्या पिढीचं पहिलं एकट्यानं केलेलं उड्डाण पुष्पकवर झालंय.

घाटग्यांचं नाव आपल्या किती शाळकरी मुलांना माहीत आहे? मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं. बंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात एचटी-२ आहे. गेलात तर पाच मिनिटं त्याच्यासमोर थांबा.

वैनतेय
घाटग्यांबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. १९७४चा लेख शोधतो. तळपद्यांवर वेगळा धागा काढेन.

धावपट्टी_२७
अपर्णाताई, +१०० घाटग्यांसाठी.

कुतूहल
खूप छान चर्चा. अवांतर वाटेल, पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच. आपल्याकडे सामान्य माणसाला हौस म्हणून उडता येतं का? की सगळं परदेशातच?

हडपसरकर
येतं की! पुण्यात हडपसरचं ग्लायडिंग सेंटर वर्षानुवर्षं आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे तार गुंडाळून ओढणारं यंत्र, तिथून इकडे आपल्या ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकापर्यंत लांबच लांब तार. एक माणूस पंखाचं टोक हातात धरून विमान सरळ ठेवतो. खूण झाली की तार आधी हळू ताणली जाते, गवतातून सरकताना दिसते, आणि पुढच्या श्वासाला पाठ खुर्चीत रुतते. चाक जमिनीवरून सुटलं की नाक असं काही वर उचललं जातं की समोर फक्त आभाळ. माथ्यावर पोचल्यावर प्रशिक्षक पिवळी मूठ ओढतात, पायाखाली 'खट्' आवाज येतो, तार सुटते. त्यानंतर फक्त वाऱ्याची सळसळ. मागच्या सीटवरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलतो आणि ऐकू येतं! खाली मगरपट्टा, सासवडचा रस्ता, लांबवर दिवे घाट. उन्हाळ्यात तापलेल्या माळावरून वर जाणारी हवा सापडली तर घारीच्या शेजारी घिरट्या घालता येतात. नाही सापडली तर काही मिनिटांत खाली. जाण्याआधी चौकशी करून जा, वारा आणि वेळापत्रक दोन्ही सांभाळावं लागतं.

धावपट्टी_२७
@कुतूहल, परवान्याबद्दल सांगतो, मी त्यातून गेलोय. हौशी वैमानिकाचा परवाना म्हणजे पीपीएल. वय १७ पूर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तास उड्डाण. मग हौसेचं उड्डाण करायचं म्हटलं तरी दर वेळी फ्लाइट प्लॅन भरा, हवाई संरक्षण विभागाकडून एडीसी क्रमांक घ्या, उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक घ्या. अमेरिकेत मीनलताई रविवारी सकाळी उठून शेजारच्या गावी नाश्त्याला उडत जाऊ शकतात, तसं इथे होत नाही. वर इंधन. पिस्टन इंजिनांना लागणारं एव्हगॅस आपण आयात करत होतो. इंडियन ऑइलनं २०२२मध्ये देशात बनवायला सुरुवात केली, ही आमच्यासाठी मोठी बातमी होती.

आणि हे सगळं त्या मुंबईत, जिथे देशातल्या हौशी उड्डाणाची सुरुवातीची पावलं पडली. जुहूचा विमानतळ १९२८चा, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच साली निघाला. तिथेच शिकून जेआरडी टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ला देशात दिलेला पहिला परवाना मिळवला. मग आगाखानांनी इंग्लंड ते भारत किंवा उलट एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस ठेवलं. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनीअर हा कोवळा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पींचे स्पार्क प्लग खराब झालेले, जेआरडींनी आपले जादा प्लग त्यांना देऊन टाकले. शर्यत अस्पींनी जिंकली! हेच अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, पस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच मार्ग पुन्हा उडून दाखवला, लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून. उडवावं की जपावं, याचं उत्तर जेआरडींनी देऊन ठेवलंय असं मला वाटतं. २०२१मध्ये आपल्या बोरिवलीच्या आरोही पंडितनं कच्छहून जुहूला त्याच स्मरणार्थ उड्डाण केलं, तेही छोट्याशा हलक्या विमानातून. अटलांटिक एकटीनं पार करणारी मुलगी ती!

भटकभैरव
स्वतःचे प्लग प्रतिस्पर्ध्याला? आम्ही इथे शेजाऱ्याला वाय-फायचा पासवर्ड देत नाही.

कानपूरचा_मराठी
नोकरीनिमित्त बरीच वर्षं कानपुरात आहे. इथली एक गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी बनावटीची बी-२४ लिबरेटर बॉम्बर कानपूरला टाकून दिली होती. परत कोणी वापरू नयेत म्हणून जाताना मोडतोड करून ठेवलेली. स्वतंत्र भारताला बॉम्बर विमानांची गरज होती, पैसे नव्हते. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी या ढिगाऱ्यातून एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन असं जुळवत विमानं उभी केली. जमशेद मुन्शी हे चाचणी वैमानिक ती कशीबशी जुळवलेली विमानं एकेक करून बंगळुरूला नेत. चाळीसच्या वर नेली. तिथे ती पक्की दुरुस्त झाली आणि १९६८पर्यंत हवाई दलानं वापरली. अपर्णाताईंनी लिहिलेलं एचटी-२ पहिल्यांदा हवेत नेलं तेही याच मुन्शींनी.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. ज्या देशानं हजारोंनी लिबरेटर बनवली तिथे ती वितळवून संपली होती. संग्रहालयांना हवी झाली तेव्हा सापडली भारतात! लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं लिबरेटर आपल्याकडून गेलंय. अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयातलं आपल्याकडून गेलंय. अमेरिकेत कितीतरी वर्षं उडत राहिलेलं कॉलिंग्ज फाउंडेशनचं लिबरेटरही भारतीय हवाई दलाचंच. भंगारातून वाचवणारे आपण होतो, हे त्या पाट्यांसमोर उभ्या राहणाऱ्या मराठी पर्यटकांनी लक्षात ठेवावं.

फिटरकाका
वा! मुन्शी साहेबांचं नाव आमच्या वेळचे जुने लोक कानाला हात लावून घ्यायचे. धन्यवाद.

लंडनवासी
बेडफर्डशायरमध्ये ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ कलेक्शन आहे. गवताची धावपट्टी, आणि बहुतेक विमानं उडती. तिथे एक लालभडक, एकाच माणसापुरतं काँपर स्विफ्ट विमान आहे, 'स्कार्लेट एंजल'. त्याची कहाणी आपल्याकडचीच. सिल्चरच्या चहामळ्यावरचे ॲल्बन अली यांनी ते घेतलं होतं, आणि १९३३ला दिल्लीच्या व्हाइसरॉय चषकाच्या शर्यतीत ते उतरलं होतं. त्याच शर्यतीसाठी रिचर्ड शटलवर्थ स्वतः दुसरं स्विफ्ट घेऊन इंग्लंडहून भारतात उडत आले होते. शेजारच्या हँगरमध्ये डीएच ८८ कॉमेट आहे, १९३४च्या इंग्लंड-मेलबर्न शर्यतीचं विजेतं. त्या शर्यतीत अलाहाबादला थांबणं सक्तीचं होतं.

सावधान यांच्यासाठी: तिथे १९०९चं ब्लेरियो आहे. संध्याकाळी वारा अगदी पडला तरच बाहेर काढतात. थांबलेले लोक गवताचं पातं हलतंय का ते बघत असतात. उडतं ते किती? धावपट्टीवरून सरळ रेषेत, माणसाच्या डोक्यापेक्षा जरा वर, आणि लगेच खाली. वळण नाही, प्रवासी नाही. ईस्ट कर्कबीला 'जस्ट जेन' नावाचं लँकेस्टर बॉम्बर तर उडवतही नाहीत. चारी इंजिनं सुरू करतात आणि लोकांना आत बसवून जमिनीवरच फिरवतात. फिटरकाकांचे हातही जिवंत राहतात आणि कोणाचा जीवही टांगणीला लागत नाही.

सावधान
@लंडनवासी, हे मला पटतं. काकांचा प्रतिसादही डोक्यात घोळतोय. हातातलं ज्ञान जातं हा विचार मी केला नव्हता. आता माझं म्हणणं असं. जगात एकच किंवा दोनच उरलेलं विमान कधीही उडवू नये. डकोटासारखं भरपूर संख्येनं असलेलं खुशाल उडवावं. मात्र तिकीट लावून प्रवासी नेणं मला अजून मान्य नाही. वैमानिक आणि फिटर धोका समजून उमजून पत्करतात, तिकीटवाल्याचं तसं नसतं.

गगनवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार, धागा इतका फुलेल असं वाटलं नव्हतं.

सावधान, एकुलत्या एका विमानाबद्दल सहमत. प्रवाशांबद्दल नाही. धोका नीट, स्पष्ट भाषेत आधी सांगावा, सही घ्यावी, आणि मग मोठ्या माणसाला ठरवू द्यावं. तिकिटाच्या पैशांवरच यातल्या बऱ्याच विमानांची देखभाल चालते. ते बंद केलं तर उडणंही बंद पडेल, आणि मग काकांचं ते 'घट्ट लागणं' शिकवायला पातंच उरणार नाही. ड्रॅगन रॅपिडमध्ये मी पुन्हा बसेन.

आणि दाबोळीकरांचा छपराचा मुद्दा मला आता सगळ्यांत तातडीचा वाटू लागलाय.

पेठेतला
छपरावरून आठवलं. आमच्या पुण्यात कमला नेहरू पार्कात मारुत विमान आहे. कुर्ट टँक या जर्मन विमानरचनाकाराच्या नेतृत्वाखाली आपल्याकडे घडलेलं पहिलं लढाऊ जेट, १७ जून १९६१चं पहिलं उड्डाण, लोंगेवालाच्या लढाईत कामी आलेलं. पोरं त्याच्याखाली भेळ खातात, मीही खाल्लीय. मुंबईत नेहरू विज्ञान केंद्रातही एक आहे. जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात तिसरं आहे, ते मात्र हँगरमध्ये, नीट. तेच विमान, तोच पत्रा, फरक फक्त डोक्यावरच्या छताचा. आपल्या इथल्या मारुतला निदान साधी शेड आणि घाटग्यांपासून टँकपर्यंतची गोष्ट सांगणारी एक चांगली मराठी पाटी मिळावी, यासाठी अर्ज लिहायचा का? मसुदा मी करतो.

अपर्णा_ह
तांत्रिक मजकूर मी लिहून देते. सही माझी धरा.

फिटरकाका
माझीही.

सावधान
माझी तर हवीच.

सुजाता_पनवेल
इतके दिवस फक्त वाचत होते. दाबोळीकर, माझे वडील नौदलात होते, विक्रांतवर अलीझेच्या ताफ्यात. आता ऐंशीच्या पुढे आहेत, चालताना काठी लागते. त्यांना बोगमाळोला घेऊन यायचं आहे. जमेल का?

दाबोळीकर
नक्की या, ताई. मोठी विमानं बाहेर जमिनीवरच उभी आहेत, अलीझेच्या अगदी जवळ जाता येतं. सोमवारी बंद असतं. सकाळी उघडताच या, नंतर ऊन चढतं आणि तिथे सावली कमी आहे. पावसाळा सोडून या. यायच्या आधी इथे निरोप टाका, मी गाडी घेऊन दारात उभा असेन.

फिटरकाका
सुजाता, बाबा अलीझेच्या इंजिनावर होते की एअरफ्रेमवर? तिला रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन होतं. विचारून सांग.

सुजाता_पनवेल
विचारलं काका. डार्टवरच होते. तुमचा डकोटाचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, म्हणाले प्रॉपेलरबद्दल अगदी बरोबर लिहिलंय, पण डार्टची तऱ्हा वेगळी, ती मी सांगतो. मी त्यांच्याकडून ऐकून टंकते आहे, उद्यापर्यंत इथे टाकते.